लुईच्या गावात मामासोबत

मामाने ह्यूस्टनला यायच्या आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, नायगारा नको, डिस्ने नको, लास व्हेगस तर अजिबातच नको, मला फक्त लुई आर्मस्ट्राँगचं, त्या जॅझच्या ट्रम्पेटवाल्याचं, गाव दाखव. कारण मामा तरुणपणी गिरगावात एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, वरातीत, गणपतीत, नोकरी सांभाळून, आजोबांच्या शिव्या खाऊन. ओठाला काहीतरी झालं आणि ते सुटलं, पण वेड सुटलं नाही. मी म्हटलं ठीक आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे, न्यू ऑर्लिन्सला, लुईच्या नावाचा फेस्टिव्हल असतो तेव्हाच जाऊ, आणि तिथून न्यूयॉर्कला त्याचं घर बघून येऊ. ऑगस्टमधलं न्यू ऑर्लिन्स म्हणजे काय हे ज्यांना माहिती आहे ते आत्ता हसत असतील.

शुक्रवार

ह्यूस्टनहून विमान म्हणजे बसलो आणि उतरलो. एअरपोर्टचं नावच लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्स इंटरनॅशनल, २००१ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला हे नाव दिलं. मामा पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेत होता आणि मागून येणाऱ्या ट्रॉल्यांची रांग थांबली होती.

बाहेर पडलो आणि चष्म्यावर वाफ. बॅगा हॉटेलवर टाकल्या आणि तडक आर्मस्ट्राँग पार्क गाठलं. फ्रेंच क्वार्टरच्या कडेला नॉर्थ रॅम्पर्ट स्ट्रीटवर मोठी कमान आहे, आत त्याचा ब्राँझचा पुतळा, एलिझाबेथ कॅटलेट या शिल्पकार बाईंनी केलेला, हातात ट्रम्पेट आणि रुमाल. पार्क १९८० मध्ये उघडलं. ते करायला त्रेमे वस्तीतले ब्लॉकच्या ब्लॉक आधी पाडले होते. त्रेमे म्हणजे कृष्णवर्णीयांची देशातली अगदी जुनी वस्ती, तिथे गल्लीगल्लीत वादक, आणि त्यांची घरं पाडून त्यांच्याच एका वादकाच्या नावाचं गवत लावलं. मला हे तिथली माहितीची पाटी वाचून नीटसं कळलं नव्हतं, नंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाकावर बसल्या बसल्या सांगितलं, तेही काही कडवटपणा न ठेवता, नुसतं हात फिरवून दाखवलं की इथून तिथपर्यंत घरं होती.

पार्कच्या आतच काँगो स्क्वेअर आहे. फरसबंदी केलेलं मोकळं मैदान, मोठी झाडं. गुलामगिरीच्या काळात रविवारी गुलामांना थोडी मोकळीक मिळायची, १८१७ च्या एका नियमानंतर त्यांना जमायची परवानगी असलेली जागा हीच ठरली. इथे ढोल वाजायचे, नाच व्हायचा, भाजीपाला विकला जायचा. अमेरिकेत बाकी बऱ्याच ठिकाणी ढोलावर बंदी होती. मामा फरसबंदीवर टाळी देत देत फिरला. मी सावलीत.

रात्री प्रिझर्व्हेशन हॉल. १९६१ पासून सेंट पीटर स्ट्रीटवर चालू आहे, एक जुनाट खोली, थोडे बाक, बाकीचे उभे, ड्रिंक नाही, पाऊण तासाचा शो आणि बाहेर. आता इथे एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायचं. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्या वरून नाचतं, ट्रॉम्बोन खालून सरकत राहतो, तिघं एकाच वेळी आपापलं बनवत असतात आणि तरी कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. मामाने कानात सांगितलं, "सगळे एकदम बोलतायत, तरी प्रत्येकाचं कळतंय बघ." लुई जन्मला तेव्हा असं वाजत होतं. त्याने जे केलं ते म्हणजे यातल्या एका वादकाला पुढे काढलं, तू एकटा बोल म्हणून. आज आपल्याला जॅझ म्हटलं की एक माणूस पुढे येऊन वाजवतोय आणि बाकीचे त्याला साथ करतायत असंच डोळ्यासमोर येतं ना, ते मुख्यतः याच्यामुळे.

शनिवार

फेस्टिव्हल जुन्या टांकसाळीच्या आवारात असतो, एस्प्लनेड अव्हेन्यूवर. लाल रंगाची भक्कम इमारत, इथे १९०९ पर्यंत नाणी पाडायचे, आता आत जॅझ म्युझियम आहे. आणि काचेत एक कॉर्नेट.

कॉर्नेटची गोष्ट अशी. ३१ डिसेंबर १९१२, लुई अकरा वर्षांचा, सावत्र बापाचं पिस्तूल घेऊन रस्त्यावर नववर्षाच्या जल्लोषात हवेत फटका उडवला आणि पोलिसाने पकडला. रवानगी कलर्ड वेफ्स होममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांचं सुधारगृह. तिथे पीटर डेव्हिस नावाचे मास्तर बँड शिकवायचे. सुरुवातीला त्यांनी याला जवळ येऊ दिलं नाही, टोळक्यातलं पोर म्हणून. मग टँबरीन दिली, मग ड्रम, मग बिगुल, आणि शेवटी कॉर्नेट, आणि थोड्याच दिवसांत हा बँडचा म्होरक्या. दीडेक वर्षाने १९१४ मध्ये सुटला. म्युझियमवाले सांगतात की काचेतलं कॉर्नेट हे त्या काळातलंच, त्याच्या शिकण्याचं. ठोकळ आहे, पोचे आहेत.

मामा काचेसमोरून हलेना. मला कॉर्नेट आणि ट्रम्पेटमधला फरक तेव्हाच पहिल्यांदा कळला: बोटं तीच, तीन कळा त्याच, पण कॉर्नेटची नळी जास्त गुंडाळलेली आणि रुंदावत जाणारी, त्यामुळे आवाज थोडा गोल, मऊ. ट्रम्पेट टोकदार. लुईने १९२६ च्या सुमाराला कॉर्नेट ठेवून ट्रम्पेट धरलं. मग मामाने ओठांचं पुराण सुरू केलं, कारण ते त्याचं स्वतःचं दुखणं. लुई माउथपीस ओठावर जोरात दाबायचा, रोज, तासन्‌तास, वरच्या सुरांसाठी. वरच्या ओठावर कायमचा व्रण होता, फोटोत स्पष्ट दिसतो. तिशीत ओठ इतका बिघडला की काही महिने वाजवणं बंद. जर्मनीतून खास मलम मागवायचा. डॉक्टर लोक आज ओठाच्या स्नायूच्या अशा दुखापतीला सॅचमो सिंड्रोमच म्हणतात, सॅचमो हे लुईचं टोपणनाव. "आम्ही तूप लावायचो," मामा म्हणाला.

बाहेर स्टेजवर ब्रास बँड आणि आत एसीत व्याख्यानं, आणि उन्हाचा अंदाज घेऊन आम्ही दुपारभर व्याख्यानं ऐकली हे कबूल करायला लाज नाही. एक छान होतं, बोटींवर. मिसिसिपीत त्या काळी नाचगाण्याच्या मोठ्या आगबोटी चालायच्या, फेट मॅरेबल नावाचा पियानोवाला त्यांच्यावर बँड चालवायचा आणि तो शिस्तीचा, नोटेशन वाचता आलंच पाहिजे. लुई नुसत्या कानाने वाजवणारा, तिथे वाचायला शिकला, आणि नदीने सेंट लुईस, डेव्हनपोर्ट अशा गावांना त्याचा आवाज पोचला. १९१८ मध्ये त्याचा गुरू जो 'किंग' ऑलिव्हर शिकागोला निघून गेला होता, दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेला चालले होते, कारखान्यात काम होतं, आणि दक्षिणेतला जाच नको होता. ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरचं बोलावणं आलं. आईने माशाचं सँडविच बांधून दिलं, ट्राउटचं, आणि हा शिकागोच्या गाडीत बसला. हे सँडविच त्याने आयुष्यभर प्रत्येकाला सांगितलंय.

पुढच्या एप्रिलमध्ये, १९२३, ऑलिव्हरचा बँड इंडियानातल्या रिचमंडला रेकॉर्डिंगला गेला. तेव्हा मायक्रोफोन नाही, सगळ्यांनी एका मोठ्या भोंग्यात वाजवायचं. लुईचा आवाज इतका मोठा की ऑलिव्हर झाकला जायला लागला, म्हणून याला लांब मागे उभं केलं, खोलीच्या टोकाला. बँडमधली पियानिस्ट लिल हार्डिन, तिने ओळखलं की मागे उभा आहे तो पोरगा पुढे पाहिजे. १९२४ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केलं आणि त्याच्या मागे लागून लागून गुरूचा बँड सोडायला लावला. बाईंचं श्रेय फार कमी लोक देतात, व्याख्यान देणाऱ्यांनी दिलं, टाळ्या पडल्या.

रात्री हॉटेलवर मामाने त्याचा एक्का काढला. टेडी वेदरफर्ड! १९२६ मध्ये शिकागोत व्हेंडोम थिएटरच्या खड्ड्यात अर्स्किन टेटचा ऑर्केस्ट्रा मूकपटांना साथ करायचा, त्यात ट्रम्पेटवर लुई आणि पियानोवर वेदरफर्ड, त्या मे महिन्यातली त्यांची रेकॉर्ड आजही ऐकायला मिळते. हाच वेदरफर्ड पुढे शांघायमार्गे मुंबईला आला, ताजमहाल हॉटेलात बँड चालवला, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. म्हणजे लुईच्या मांडीला मांडी लावून वाजवलेला माणूस अपोलो बंदरावर होता. आणि त्या ताजच्या काळातून गोव्याची पोरं तयार झाली. हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ उर्फ चिक चॉकलेट, ट्रम्पेट, पांढरा रुमाल, घोगरा आवाज, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. ते नंतर सी. रामचंद्रांकडे अरेंजिंगला होते. १९५१ चा 'अलबेला', आपले भगवानदादा आणि पुणतांब्याचे आपले अण्णा चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, त्यातल्या पितळी वाद्यांत चिक आहेत, पडद्यावर सुद्धा दिसतात. "म्हणजे आपली आज्जी ज्याच्यावर पाय हलवायची ना," मामा म्हणाला, "तो लुईच होता, दोन हात फिरून आलेला."

रविवार

सकाळी त्रेमेतल्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये फेस्टिव्हलची जॅझ प्रार्थना. हे चर्च १८४० च्या दशकातलं, स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी उभं केलेलं, त्यांनी गुलामांसाठी सुद्धा बाक विकत घेऊन ठेवले होते. आम्ही मागे उभे होतो, कुणी विचारलं नाही कोण, कुठले, उलट एका काकूंनी हातपंखा दिला.

आणि मग सेकंड लाइन. बँड आणि ज्यांचा कार्यक्रम असतो ती मंडळी पुढे, ती पहिली ओळ, आणि मागे जे कोण येईल ते सगळे दुसऱ्या ओळीत, छत्र्या फिरवत, रुमाल उडवत, नाचत. अंत्ययात्रेतूनच हे आलंय, जाताना संथ भजनं, दफन झालं की परतताना उडत्या चाली. लहानपणी लुई अशाच बँडांच्या मागे पळायचा, ऑलिव्हरचं कॉर्नेट उचलून चालायला मिळालं तर धन्य. त्याचं सगळं टायमिंग इथलं, चालण्याच्या तालातलं, असं मला तिथे चालताना वाटलं. बास ड्रमचा ठोका जिथे अपेक्षित असतो तिथे येत नाही, किंचित मागे येतो, आणि तुमचा पाय आपोआप त्याची वाट बघतो. लुईचं गाणं ऐका, वाजवणं ऐका, तो शब्द आणि सूर असेच ठोक्याच्या जरा मागे ठेवतो, निवांत, आणि तरी लय धरून असतो. स्विंग स्विंग म्हणतात ते हे. १९२४ मध्ये तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला तेव्हा तिकडचे वादक त्याच्या बुटांना हसले, आणि वर्षभरात सगळे त्याच्यासारखं वाजवायला बघत होते, सॅक्सोफोनवाले सुद्धा, कोलमन हॉकिन्ससारखे.

गिरगावातल्या वरातीची आठवण येणं साहजिक होतं, फक्त इथे घोडा नाही आणि कुणी दारू पिऊन नागीण करत नाही. मामा पहिल्या चौकापर्यंत सभ्यपणे चालला. दुसऱ्या चौकात त्याच्या हातात कुणाची तरी छत्री होती. फेस्टिव्हलच्या आवारात पोचेपर्यंत त्याचा शर्ट पिळून काढण्यासारखा, आणि एका सूसाफोनवाल्या (अंगाभोवती गुंडाळलेला मोठा पितळी भोंगा) पोराशी त्याची एकही धड वाक्य न होता दोस्ती झालेली.

दुपारी झोपलो. संध्याकाळी फ्रेंचमेन स्ट्रीट, छोटे छोटे क्लब, एकातून बाहेर दुसऱ्यात आत. पोरं चांगली वाजवतात पण गर्दी फार, माझं डोकं दुखायला लागलं, लवकर परत.

सोमवार

आज लुईचं लहानपण शोधायचं होतं. थोडक्यात सांगायचं तर ते सापडत नाही.

जन्म जेन ॲली नावाच्या गल्लीत, ४ ऑगस्ट १९०१. तो स्वतः मात्र जन्मभर ४ जुलै १९०० सांगायचा, खरी तारीख १९८० च्या दशकात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मिळाली, म्हणजे तो जाऊन दीड दशक झाल्यावर. ती गल्ली गेली, तिकडे आता कोर्ट आणि पोलिसांचा परिसर आहे. आईबरोबर वाढला तो लिबर्टी आणि पर्डिडो रस्त्यांच्या कोपऱ्याला, वस्ती इतकी मारामारीची की नावच बॅटलफील्ड. आम्ही पर्डिडो स्ट्रीटवर जाऊन उभे राहिलो. तिथे सिटी हॉल आहे. काचा आणि काँक्रीट, समोर मोकळी जागा, लायसन्सच्या कामाला आलेले लोक. मामाने सिक्युरिटीवाल्याला विचारलं लुई आर्मस्ट्राँग कुठे राहायचा, त्याने अत्यंत नम्रपणे एअरपोर्टचा रस्ता सांगितला.

साउथ रॅम्पर्ट स्ट्रीटला त्याहून वाईट वाटलं. इथे कार्नोफ्स्की कुटुंबाचं दुकान होतं, ४२७ नंबर. लिथुआनियातून आलेले ज्यू, भंगार आणि कोळशाचा धंदा. लहानगा लुई त्यांच्या गाडीवर कामाला, पत्र्याचा भोंगा वाजवून गिऱ्हाईक बोलवायचा. संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवायचा. ५ डॉलरचं कॉर्नेट घ्यायला त्यातले २ डॉलर त्यांनी उचल म्हणून दिले असं त्याने म्हातारपणी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून लिहून ठेवलंय, १९६९ मध्ये, आणि गळ्यात तो कायम डेव्हिडचा तारा घालायचा. ही इमारत शंभरावर वर्षं टिकली. दुरुस्ती करायच्या चर्चा चालू होत्या, आणि २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा वादळात ती कोसळली. शेजारच्या जुन्या इमारती उभ्या आहेत, आसपास पार्किंगचे प्लॉट. अख्ख्या गावात टी-शर्टवर, मगवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर लुई आहे, आणि जिथे तो खरोखर वावरला तिथे तासाला किती डॉलर याची पाटी. मला राग आला. मामाला नाही आला, तो म्हणाला गिरगावात माझी चाळ तरी कुठे राहिली.

न्यू ऑर्लिन्सचं आणि त्याचं तसंही सरळ नव्हतं. १९३१ मध्ये मोठा होऊन परत आला, स्टेशनवर बँड, मिरवणूक, आणि रात्री क्लबमधून रेडिओवर कार्यक्रम तर गोऱ्या निवेदकाने शिवी हासडून नाव घ्यायला नकार दिला, मग लुईने स्वतःच स्वतःची ओळख करून दिली आणि वाजवलं. १९४९ मध्ये मार्दी ग्रा या इथल्या कार्निव्हलला झुलू क्लबचा राजा झाला, लहानपणीचं स्वप्न, तोंडाला काळा-पांढरा रंग, गवताचा घागरा, आणि उत्तरेतल्या कृष्णवर्णीय पेपरांनी त्यावर टीका केली. मग १९५६ मध्ये लुइझियानाने कायदा केला की गोरे आणि काळे एका स्टेजवर नकोत. त्याच्या बँडमध्ये दोन्ही होते. त्याने जन्मगावात वाजवणंच बंद केलं, ते १९६५ पर्यंत.

आता सोमवारची गंमत. इथे सोमवारी रेड बीन्स अँड राइस खायची पद्धत, पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस, मग चुलीवर राजमा टाकून बायका कपड्यांकडे बघायच्या. लुईचं हे सगळ्यात आवडतं, पत्राखाली सही करताना 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' लिहायचा. आणि मामाचा सोमवारचा उपास! वर त्यात डुकराचं मांस घालतात. दिवसभर केळी आणि आइस्ड कॉफी. शेवटी संध्याकाळी एक बिनमांसाचं करून देणारं दुकान मिळालं, मामाने सूर्य मावळला का हे फोनवर बघितलं आणि उपास राजमा-भातावर सोडला.

पण त्याच्या आधी आम्ही वेस्ट एंडला गेलो होतो. पाँचरट्रेन तळ्याचा काठ, शंभर वर्षांपूर्वी इथे सुट्टीला गर्दी व्हायची, पॅव्हिलियन, नाच, बँड. कतरिना वादळाने २००५ मध्ये उरलीसुरली रेस्टॉरंट नेली, आता बोटी, गवत आणि नव्याने बांधलेलं दीपगृह. किंग ऑलिव्हरने या जागेच्या नावाचा ब्लूज रचला आणि लुईने शिकागोत २८ जून १९२८ ला तो रेकॉर्ड केला. काठावर बसून मामाने फोनवर लावला.

सुरुवातीची बारा-तेरा सेकंद नुसतं ट्रम्पेट, साथ नाही. चार सूर, ठाम, पावलं टाकल्यासारखे, आणि मग एकदम वर झेप आणि वरून खाली गडगडत येणारी लड, तिच्यात लय कधी दुप्पट होते कधी सुटते. मामाने ती तीनदा लावली आणि गुडघ्यावर मात्रा मोजून दाखवायला गेला, "आपला गवई मोकळी तान घेतो ना, ताल थांबवून, पण समेचा धागा डोक्यात असतो त्याच्या, ते बघ. ठेका नाहीये तरी ठेका ऐकू येतोय." पुढे अर्ल हाइन्सचा पियानो, मग लुई शब्दांशिवाय हलकेच गातो क्लॅरिनेटशी बोलत, आणि शेवटच्या फेरीत एक वरचा सूर धरतो आणि सोडतच नाही, जवळजवळ चार मात्राखंड, खाली सगळं सरकतंय आणि हा एक सूर उभा. साधारण सव्वातीन मिनिटांत सगळं. १९२५ ते १९२८ मधली हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या नावांची ही रेकॉर्डिंग्ज, गंमत म्हणजे हा बँड जवळपास फक्त स्टुडिओतच जमायचा. त्यातच १९२६ मध्ये शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांनी गायलेलं गाणं गाजलं आणि स्कॅट घराघरात गेलं, कागद हातातून पडला म्हणून तसं गायलो असं तो सांगायचा, खरं मानायचं की नाही तुम्ही ठरवा. बिली हॉलिडे, बिंग क्रॉस्बी, एला फिट्झजेराल्ड, सगळे गाण्याच्या बाबतीत त्याचे देणेकरी. आणि ट्रम्पेटवर तर माइल्स डेव्हिससारखा कुणाला न बधणारा माणूस सुद्धा म्हणायचा की लुईने आधीच वाजवलं नाही असं काही वाजवताच येत नाही.

मंगळवार

विमान, एडिसनला मावसबहिणीकडे, पुरणपोळी. बुधवारी काहीच केलं नाही, मामाला सर्दी.

गुरुवार

आर्मस्ट्राँगचं घर आठवड्यातले ठराविक दिवसच उघडं असतं आणि आधी बुकिंग केलेलं बरं. सात नंबरची ट्रेन, १०३ स्ट्रीट-कोरोना प्लाझा, तिथून चालत. क्वीन्समधला हा भाग आता सगळा लॅटिनो, रस्त्यावर टमाले, मोबाइलची कव्हरं, स्पॅनिशमध्ये ओरडाआरडा. १०७ व्या रस्त्यावर विटांचं एक साधं दोन मजली घर, आजूबाजूच्या घरांसारखंच.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध वादक इथे १९४३ पासून ६ जुलै १९७१ ला मरेपर्यंत राहिला. घर घेतलं त्याच्या चौथ्या बायकोने, ल्युसिलने, ती पूर्वी कॉटन क्लबची डान्सर. त्याला न विचारता घेतलं. हा दौऱ्यावर, वर्षातले तीनशे दिवस हॉटेलात काढणारा. रात्री पत्ता घेऊन टॅक्सीने आला, दार बघितलं, आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला थांब जरा, बहुतेक चुकलंय. आत गेला तर बायको. पुढे पैसा आला तरी हललाच नाही, गल्लीतली पोरं पायरीवर येऊन बसायची, हा त्यांच्याशी गप्पा मारायचा.

आत निळं स्वयंपाकघर, चकचकीत फिरोजी कपाटं, आणि बाथरूम म्हणजे चारी बाजूंनी आरसे आणि सोन्याचा मुलामा दिलेले नळ. मामा तिथे खूष. मला त्याची वरची खोली आवडली. टेप रेकॉर्डर, भिंतीवर गायक टोनी बेनेटने काढलेलं चित्र. याला सगळं टेप करायचा नाद होता, शेकडो रीळ, खोक्यांवर स्वतः फोटो कापून चिकटवलेले. गाइड त्या त्या खोलीत टेपचा तुकडा वाजवते, जेवताना बोलणारा लुई, जुन्या रेकॉर्डबरोबर सराव करणारा लुई. घर त्याच्या पश्चात ल्युसिलने तसंच ठेवलं, ती १९८३ मध्ये गेली, २००३ मध्ये म्युझियम झालं, आणि समोर २०२३ मध्ये नवीन काचेचं केंद्र उभं राहिलं, तिथे ट्रम्पेट, पत्रं, पासपोर्ट.

लोक त्याला हसरा म्हणून झिडकारायचे हेही तिथे लपवलेलं नाही. चाळिशीच्या दशकात बीबॉप या नव्या, वेगवान जॅझची तरुण मंडळी आली, ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी वगैरे, त्यांना हा दात दाखवून गोऱ्यांना खूष करणारा वाटायचा. आणि मग सप्टेंबर १९५७ मध्ये दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्यात लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना सैनिक लावून अडवलं तेव्हा नॉर्थ डकोटातल्या एका हॉटेलात लुईने एका कोवळ्या बातमीदाराला सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरमध्ये दम नाही, आणि सरकारच्या वतीने होणारा सोव्हिएत रशियाचा दौरा करणार नाही. तेव्हा त्याला हसणाऱ्या तरुणांपैकी फार थोडे बोलले होते. डिझीने पुढे आपलं मत बदललं, तो काही काळ याच भागात राहायलाही होता, आणि त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे की तो नसता तर मी नसतो.

मामाने गाइडला टेडी वेदरफर्ड विचारला. तिला नाव माहिती होतं! पण ताजमहाल हॉटेल नाही. मग मामाने तिथल्या तिथे मोडक्या इंग्लिशमध्ये मुंबई, हळदोणे, चिक चॉकलेट, सी. रामचंद्र सगळं सांगायला घेतलं आणि मागची टूर येऊन उभी राहिली. तिने वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून विचारून. मी फोनवर 'अलबेला'तलं ते गाणं लावून दिलं, तिने अर्धं ऐकलं आणि म्हणाली ट्रम्पेटवाला कोण आहे हा, मामा म्हणाला तेच तर सांगतोय.

लुईला इथून जवळच फ्लशिंगच्या दफनभूमीत पुरलंय, डिझीही तिथेच आहे. जायचं होतं पण पाऊस आला. त्याऐवजी १०८ व्या रस्त्यावर लेमन आइसच्या प्रसिद्ध दुकानात रांग लावली, मामाने सर्दी असताना दोन खाल्ली, आणि परतीच्या ट्रेनमध्ये मला विचारलं की सेकंडहँड ट्रम्पेट ह्यूस्टनमध्ये कितीला मिळेल.